बेल वाजली की थांबणारी गळती

माझ्या मावशीच्या घरी पाण्याची गळती आहे, हे सगळ्यात आधी पाणीखात्याच्या मीटरवाल्यांच्या लक्षात आलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते एकटेच तिच्या भागातल्या गल्ल्यांमधून फिरतात. प्रत्येक घराच्या फाटकाशी जमिनीत एक लोखंडी झाकण असतं. वाकड्या सळईने ते उचलायचं, आत वाकून आकडा बघायचा, टिपून घ्यायचा आणि पुढच्या फाटकाकडे वळायचं. अठरा वर्षं हेच केल्यामुळे कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाकडे बाळ झालंय, कोण गावाला गेलंय हे त्यांना घरात न डोकावता कळतं. मावशीच्या घराचा आकडा महिन्याला चार युनिट असायचा. एक युनिट म्हणजे हजार लिटर. काका गेले तेव्हा तो तीनवर येईल असा मीटरवाल्यांचा अंदाज होता. तो गेला सव्वीसवर.

एकट्या बाईला सव्वीस हजार लिटर पाणी लागतं कशाला, हे त्यांनी दारातच विचारलं.

"मला काय माहीत," मावशी म्हणाली. "मीटर बिघडला असेल."

त्यांनी मीटर बदलून दिला. पुढच्या महिन्यात आकडा आला अठ्ठावीस.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आधी कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून द्यायची, नंतर तक्रारींच्या टेबलावर बसायची. लाइन खराब आहे असं कोणी सांगितलं की ती म्हणायची, "दोन मिनिटं काही बोलू नका," आणि नुसती ऐकत राहायची. वायरीत पाणी शिरलं असेल तर गरम तव्यावर शिंतोडे उडाल्यासारखी चुरचुर येते, जोड सैल असेल तर कट्कट् होतं, आणि दोन लाइनी एकमेकींना चिकटल्या असतील तर लांबच्या खोलीत माणसं भांडल्यासारखी वाटतात, असं ती आम्हाला सांगायची. खांबावर चढायच्या आधी लाइनमन तिला विचारून चढत. बाकी तिच्यात उठून दिसावं असं काही नव्हतं. बुटकी, नीटनेटकी, थोडी फटकळ.

काका शिवणकाम करायचे. घरातच, पुढच्या खोलीत. सोफ्याची कव्हरं, पडदे, पिशव्या, आणि कोणी आणलीच तर फाटकी तंबूची कापडंसुद्धा. मोटरची जुनी मशीन सकाळी आठला सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. मावशी दिवसभर कान शिणवून घरी यायची आणि चपला काढता काढता म्हणायची, "अहो, जरा थांबवा ना ते. डोकं उठलंय." काका म्हणायचे, "एवढा पडदा झाला की थांबवतो." तो पडदा काही एकतीस वर्षांत झाला नाही.

ते आजारी पडले आणि अकरा दिवसांत गेले. माझी आई महिनाभर मावशीकडे राहिली. मग मी दर रविवारी जायला लागले. मावशी वेळेवर जेवत होती, कपडे घडी करून ठेवत होती, कोणी भेटायला आलं तर चहा करत होती. मशीन तिने स्वतःहून एका शिवणवर्गाला देऊन टाकली. "पडून गंजण्यापेक्षा कोणाच्या तरी हाताखाली राहू दे," म्हणाली. खंबीर आहे, असं आम्ही सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि आपापल्या कामाला लागलो. खंबीर म्हटलं की पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

मीटरवाल्यांना मात्र चैन पडेना. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या डोक्याला भुंगा लागला होता. कारण तसंच होतं. ते यायचे, झाकण उचलायचे, तेव्हा मीटरमधलं लहानसं लाल चक्र फिरत असायचं. घरात कुठेही पाणी वाहत असलं की ते चक्र फिरतं. मग ते बेल वाजवायचे, आत येऊन एकेक नळ बघायचे. सगळे कोरडे. संडासाची टाकी भरलेली, शांत. मागच्या अंगणातला नळ घट्ट बंद. बाहेर येऊन परत मीटर बघायचे तर चक्र थांबलेलं. दोनदा असं झालं. गळती असेल तर ती माणूस बघून थांबते कशी, हे कोडं त्यांनी घरी बायकोला घातलं, ऑफिसात दोघांना घातलं. कोणाला सुटेना.

तिसऱ्या वेळेला ते फाटकाशी झाकण उघडं ठेवून उकिडवे बसले. बेलचं बटण फाटकाच्या खांबावरच आहे. नजर चक्रावर ठेवून त्यांनी हात वर करून बटण दाबलं. चार-पाच सेकंद गेले. चक्र थांबलं.

मावशीने दार उघडलं तेव्हा ते अजून तसेच बसलेले होते.

"मावशी," ते उठत म्हणाले, "बेल वाजली की तुमची गळती थांबते. इतकी शहाणी गळती मी पहिल्यांदाच बघतोय."

हे सगळं मला नंतर मीटरवाल्यांनीच सांगितलं, आणि मावशीने ते खोडलं नाही. ती त्यांना आत घेऊन गेली, सरळ स्वयंपाकघरात. सिंकमध्ये एक पातेलं पालथं घातलेलं होतं, ओलं. तिने नळाची चावी हळूहळू फिरवली, दोऱ्याएवढी धार सोडली आणि कान देऊन उभी राहिली. मग चावी केसभर मागे घेतली. पातेल्यावर एकसारखी बारीक तडतड सुरू झाली.

"हे काय आहे?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"जाड कापडावर मशीन अशी चालते," ती म्हणाली. मग चावी अर्ध्या नखाएवढी पुढे सरकवली. आवाज दाट झाला, पळायला लागला. "आणि हे पडद्याचं कापड."

मीटरवाले मला म्हणाले होते, "ताई, मी खिशातून नोटिशीचा कागद काढून हातात धरला होता. तो परत कधी खिशात गेला ते मला कळलंसुद्धा नाही."

त्यांनी विचारलं, दिवसभर? ती म्हणाली, उठल्यापासून झोपेपर्यंत. बंद केलं की घर खायला उठतं. रेडिओ का नाही लावत, असंही त्यांनी विचारलं. कोणीही विचारलं असतं.

"रेडिओवरची माणसं बोलतात," मावशी म्हणाली. "मला बोलणं नको होतं. शेजारच्या खोलीत कोणीतरी आपल्या कामात आहे, एवढंच हवं होतं."

"मग बेल वाजली की बंद का करता?"

"चांगलं दिसतं का ते? लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं."

दुसरा एखादा असता तर त्याने इथे पाणी किती मोलाचं असतं यावर चार शब्द सुनावले असते. मीटरवाल्यांचा स्वभाव तसा नाही. त्यांना एखादी गोष्ट कळली की तिच्या मागची गोष्ट कळायला हवी असते. त्यांनी विचारलं, "नळ बंद असतो तेव्हा ऐकू काय येतं तुम्हाला?"

"भिंत," मावशी म्हणाली.

"भिंत?"

"पुढच्या खोलीची, रस्त्याकडची. श्श्श असं सारखं चालू असतं. आधी वाटलं माझेच कान वाजतायत. पण कान वाजले तर सगळ्या खोल्यांत वाजतील ना. हे तिथेच येतं, भिंतीला डोकं टेकलं की."

मीटरवाले जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण ते हसायला लागले. "इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी तीन महिने तुमच्याबद्दल म्हणतोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही तेच रस्त्याबद्दल म्हणताय."

दुसऱ्या दिवशी ते एक काठी घेऊन आले. पाणीखात्याच्या गोदामात अशा चार काठ्या धूळ खात पडल्या होत्या. पाच फूट लांबीची पोलादी सळई, एका टोकाला चपटी लाकडी वाटी. सळईचं टोक जमिनीवर किंवा पाइपाच्या झाकणावर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. जमिनीखाली पाणी फटीतून निसटत असेल तर ते सळईतून वर ऐकू येतं. पूर्वी खात्यात ते ऐकणारी माणसं होती. ती निवृत्त झाल्यावर हेडफोनवालं यंत्र आलं, ते बिघडलं, आणि आता पाणी आपण होऊन रस्त्यावर दिसेपर्यंत वाट बघायची पद्धत होती.

मावशीने काठी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "आधी चांगला पाइप कसा वाजतो ते ऐकवा. चांगलं माहीत नसेल तर वाईट कसं ओळखणार?"

मग ती दोघं गल्लीतून चालली. प्रत्येक फाटकाशी ती काठी टेकवायची, डोळे मिटायची. तिसऱ्या फाटकापर्यंत आवाज जाड होता, लांबून आल्यासारखा. पाचव्याला बारीक झाला. सहाव्याच्या पुढे परत जाड. "टेलिफोनचं असंच असतं," ती म्हणाली. "लांबचा आवाज घोंगडीखालून येतो. जवळचा टोचतो." पाचव्या आणि सहाव्या फाटकाच्या मधे तिने जमिनीवर खडूने फुली मारली.

चार दिवसांनी खात्याने खोदलं. फुलीपासून दोन हातांवर पाइपाचा जोड बोटभर उकललेला होता. पाणी वर न येता थेट खालच्या जुन्या गटारात जात होतं, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. महिन्याला चारशे युनिट तरी, असं मीटरवाल्यांनी हिशेब करून सांगितलं. "तुमची सव्वीस त्यापुढे चूळ भरल्यासारखी," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मावशी पोटभर जेवली. हे मला ठाऊक आहे, कारण तिने मला फोन करून सांगितलं, आणि जेवण झालं हे सांगायला फोन करणारी ती बाई नव्हे. बाकी काही मात्र तिने सांगितलं नाही.

त्यामुळे पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी तिला फोन केला आणि तो तिने उचलला नाही, तेव्हा ती कुठे असेल याचा मला अंदाजच येईना. साडेसातला परत केला, मग तशीच निघाले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी वळले तर रस्त्याच्या मधोमध मावशी गुडघ्यांवर बसलेली. एका हाताने काठी धरलेली, कान वाटीला लावलेला, डोळे मिटलेले. शेजारी खाकी टोपीतला एक माणूस दोन्ही हात पसरून एका सायकलवाल्याला अडवत होता. मी घाबरून हाक मारली.

"गप्प," मावशी डोळे न उघडता म्हणाली.

सायकलवाला, मी आणि टोपीवाला माणूस, आम्ही तिघं मिनिटभर तिथे पुतळ्यासारखे उभे होतो. मग ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "काही नाही, कोणीतरी अंघोळ करतंय." टोपीवाला माणूस म्हणजेच मीटरवाले. तेव्हा माझी त्यांच्याशी ओळख झाली आणि ही सगळी हकीकत मला फुटपाथवर उभ्या-उभ्या कळली. मला वाईट वाटलं. दर रविवारी जाऊन मला जे कळलं नव्हतं, ते लोखंडी झाकण उचलणाऱ्या माणसाला एका चक्रावरून कळलं होतं.

त्यानंतर त्यांचा क्रमच ठरला. रस्ते शांत असतात तेव्हा, सकाळी सहा ते साडेसात, आठवड्यातून तीन दिवस. मावशीने एक वही केली होती, त्यात ती आवाज लिहायची. "न्हाव्याच्या दुकानासमोर: शिटी, पण दमलेली." "शाळेच्या भिंतीशी: काही नाही, फक्त उंदीर." घरातल्या नळाची धार तिने एकदम बंद केली नाही. आधी सकाळची गेली, मग दुपारची. आकडा एकोणीस झाला, अकरा झाला. कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिने कसला निश्चयही केला नव्हता. पण मी तिच्याकडे भांडी घासताना नळ उघडा ठेवला की ती दुसऱ्या खोलीतून विचारायची, "कोणाची वाट बघतेय गं ती धार?" पुढे पुढे माझ्या स्वतःच्या घरीही मला ते ऐकू यायला लागलं.

मीटरवाल्यांमध्येही फरक पडला होता. एकदा ते मावशीला म्हणाले, "आकडा वाढला की आम्ही नळ तपासतो. घरातला माणूस बरा आहे का, हे कोणी तपासत नाही. मागच्या गल्लीत एक जण आहेत, त्यांचा आकडा तीस येतो. रोज दुपारी सिमेंटचं अंगण धुतात. नुसतं सिमेंट, एक रोपसुद्धा नाही. पूर्वी मी नोटीस दिली असती. आता वाटतं आधी विचारावं, की असं का?"

अंगण धुणारे ते गृहस्थ निवृत्त ड्रायव्हर होते. बांधकाम खात्याचा डंपर चालवायचे. मावशी त्यांच्या घरी पोचली तेव्हा ते हातात लांब पाइप धरून अंगणावर पाणी मारत होते. तिने पाण्याचा विषयच काढला नाही.

"दहा मिनिटं हे बंद करता का?" ती म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये."

"काय ऐकू येत नाहीये?" त्यांनी विचारलं, आणि त्यांनाच उत्सुकता वाटल्यामुळे नळ बंद करून तिच्या मागोमाग रस्त्यावर आले. काठीला कान लावून बघितला. त्या दिवशी ते दोन गल्ल्या सोबत फिरले. परतताना मावशीने विचारलं, रोज अंगण कशाला धुता?

"धूत असलो की येणारे-जाणारे बोलतात. काय ड्रायव्हरसाहेब, चाललंय का, म्हणतात. नुसता दारात बसलो तर बघून न बघितल्यासारखं करतात. बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, लोकांना सुचत नाही."

मावशी "हं" म्हणाली. ते तिला पूर्ण पटलं होतं.

मग ती न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट झाली. वहीत लिहिलेली ती दमलेली शिटी मावशीने चार वेळा ऐकली, खडूने फुली मारली, आणि खात्याची माणसं आली. दोन दिवस खोदलं. माती कोरडी ठणठणीत. न्हाव्याच्या गिऱ्हाइकांना फळीवरून तोल सांभाळत दुकानात जावं लागत होतं, आणि न्हावी बाहेर येऊन पुन्हापुन्हा खड्ड्यात बघत होता. पाणीखात्याचे इंजिनियर आले आणि मीटरवाल्यांना म्हणाले, "हौशी लोकांच्या कानांवर विसंबून रस्ते खोदायचे का आता आपण?" मावशी खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. त्यांना ती कोण आहे हे माहीत नव्हतं. ती तशीच घरी निघून गेली.

आठ दिवस फोनवर एकच उत्तर. बरी आहे. जेवले. काही नको. मीटरवाले दोनदा जाऊन आले. तिने दारातच काठी परत केली.

रविवारी मी गेले. बेल वाजवायच्या आधी फाटकाशी थांबले, छत्रीचं टोक अडकवून ते लोखंडी झाकण उचललं आणि आत बघितलं. चक्र फिरत होतं. आपण कोणाचं तरी पत्र चोरून वाचतोय असं मला वाटलं. झाकण खाली ठेवलं आणि बेल वाजवली.

तिने चहा केला. सिंककडे मी बघितलं नाही. उपदेश करावा असं माझ्याकडे काही नव्हतंच. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि त्या आठवड्यात दुरुस्तीला आलेल्या चौदा फ्रेमा सोबत आणल्या होत्या. वाकलेल्या काड्या, सैल झालेले बारके स्क्रू. घरी कंटाळा येतो म्हणून आणल्या, असं मी तिला सांगितलं. "मी पुढच्या खोलीत बसते," म्हटलं. "तू तुझं काम कर. मला बोलायला वेळ नाहीये."

काका बसायचे तिथे खिडकीपाशी मी टेबल ओढलं. स्क्रू फिरवला की बारीक करकर होते, काडी वाकवली की टक् होतं, काच बसली की चटकन आवाज येतो. तासभर मी मान वर केली नाही. स्वयंपाकघरातून भाजी चिरल्याचा आवाज आला, मग डबे आवरल्याचा. नळ फक्त भाजी धुवायला उघडला आणि बंद झाला. एकदा मावशी दारात येऊन उभी राहिली.

"तो शेवटचा स्क्रू नीट बसला नाहीये," म्हणाली आणि परत आत गेली. बघितलं तर खरंच आटे चुकले होते.

चारच्या सुमाराला बेल वाजली. ड्रायव्हरसाहेब होते. तीन आठवडे ते मुलीकडे राहायला गेले होते आणि आल्या आल्या त्यांना न्हाव्याकडून खड्ड्याची बातमी कळली होती. अर्धी दाढी झालेली असताना ते खुर्चीवरून उठून बाहेर बघायला गेले, असं न्हाव्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडे मात्र ते पूर्ण दाढी करून आले होते.

"तुम्ही चुकला नाहीत," ते दारातूनच मावशीला म्हणाले. "पाइप चुकलाय. तिथे तो सरळ जात नाही. बावीस वर्षांपूर्वी मीच तिथली माती वाहून नेली होती. मधे मोठा दगड लागला, फुटेना, म्हणून पाइप वळवून पलीकडच्या फुटपाथखालून नेला. नकाशात कोणी लिहिलं नसेल. साहेबांना घरी जायची घाई होती."

मावशीने विचारलं, "वळण किती लांबीचं?"

"आठ पावलं असेल. माझी पावलं."

"माझी मग दहा," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

काठी मीटरवाल्यांकडे होती, म्हणून आधी त्यांच्या घरी जावं लागलं. रविवारची दुपार, रस्त्यावर वर्दळ; काही ऐकू येणं कठीण होतं. न्हाव्याने दुकानातला पंखा बंद केला आणि आपण होऊन रस्त्याच्या एका टोकाला उभं राहून लोकांना थांबवू लागला. दुसऱ्या टोकाला मी. मावशीने पलीकडच्या फुटपाथवर चार ठिकाणी काठी टेकवली. पाचव्या ठिकाणी बराच वेळ थांबली.

"दमलेली नाहीये ही शिटी," ती शेवटी म्हणाली. "चांगली दणदणीत आहे. मी लांबून ऐकत होते."

इंजिनियरसाहेबांना तयार करायला मीटरवाल्यांना नऊ दिवस लागले. खोदल्यावर तासाभरातच मजुरांचे पाय भिजले. साहेब स्वतः खड्ड्याशी येऊन थांबले, ड्रायव्हरसाहेबांना वळणाबद्दल बारीकसारीक विचारून घेतलं आणि मग मावशीकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते तुम्ही ऐकलं असेल."

"ऐकलं," मावशी म्हणाली. "ऐकू चांगलं येतं मला."

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर खात्याने तिच्याकडे सहा जणांना शिकायला पाठवलं. चौघं टिकले. पहिल्या दिवशी ती त्यांना कुठल्याच पाइपाजवळ नेत नाही. आपापल्या घरी जाऊन तासभर नुसतं बसा आणि काय काय वाजतं ते लिहून आणा, म्हणते. एका मुलीने दीड पान भरून आणलं आणि शेवटी लिहिलं, की आई दुसऱ्या खोलीत रडत होती हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. मावशीने तिला त्या दिवशी परत घरी पाठवलं.

ड्रायव्हरसाहेबांचं अंगण आता आठवड्यातून एकदा धुतलं जातं. बाकीचे दिवस ते खात्याच्या जुन्या नकाशांवर आपल्या आठवणीतले दगड आणि वळणं लाल पेन्सिलीने भरत असतात, आणि अर्ध्या गल्लीचं त्यात काही ना काही म्हणणं असतं. मीटरवाल्यांच्या वहीत आकड्यांच्या शेजारी हल्ली कधीकधी एक लहानशी खूण असते. त्या घरी ते जरा जास्त वेळ थांबतात, चहा घेतात. खात्याला त्या खुणेचा अर्थ माहीत नाही.

मावशीचा आकडा तीन येतो. काकांची आठवण कमी झाली का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "ती का कमी व्हावी?" ती म्हणाली. "उलट आता नीट ऐकू येते. आधी मी तिच्यावर सारखं पाणी ओतत होते." मग पुढे म्हणाली, "आणि हे काही मी ठरवून केलं नाही, बरं का. पाणी वाचवायचं वगैरे. मला करायला काहीतरी हवं होतं, आणि पाण्याला ऐकणारं कोणीतरी. जमून गेलं."

गेल्या आठवड्यात तिला समुद्राकाठच्या एका गावाच्या पाणीखात्याने बोलावून घेतलं. सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच ती एकटी बसने इतकी लांब गेली. पोचल्याचा फोन येईल म्हणून मी वाट बघत होते. तो आला संध्याकाळी, आणि प्रवास कसा झाला हे तिने सांगितलंच नाही.

"अगं, इथे सगळी वाळू आहे," ती म्हणाली. "आवाज वर येतच नाही, खालच्या खाली जिरतो. आणि मागून लाटा. आज दिवसभरात मला एकसुद्धा गळती सापडली नाही."

"मग आता?"

"इथला एक कोळी म्हणतो, ओहोटी लागली की लाटा बऱ्याच मागे जातात आणि वाळू घट्ट होते. ओहोटी उद्या सकाळी पावणेसहाला आहे. तो येणार आहे न्यायला." मागे कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते. मला त्याला अजून विचारायचंय, की ओल्या वाळूवर चालताना पायाखाली जे वाजतं ते नक्की काय असतं."